कोंडवाड्याची जागा

नगरपालिकेच्या बांधकाम विभागात माझी 28 वर्षं गेली. त्यातली सहा एकाच फायलीत: ‘नवीन प्रशासकीय इमारत, जागा निश्चिती’. इमारत पुढे दीड वर्षात उभी राहिली. कुणी नवा अभियंता विचारायला आला, की पुढचं सगळं आठवेल त्या क्रमानं सांगतो.

1. मे महिन्यात पसंत पडलेली जागा ऑगस्टमध्ये पुन्हा पाहा.

स्थळपाहणी नेहमी उन्हाळ्यात निघते. मार्चअखेरची धावपळ संपलेली असते, पदाधिकारी मोकळे असतात. ओढ्याकाठची तीन एकरांची सपाट जागा आमच्याकडे सगळ्यांना आवडली. सभापतींनी तर कोनशिला कुठे बसवायची, तेही पायानं रेघ मारून दाखवलं. परतताना माझा शर्ट बाभळीत अडकला म्हणून मी मागे राहिलो. काट्यांत चिंध्या होत्या, वाळलेली जलपर्णी होती, सिमेंटच्या गोणीचा तुकडा होता. सगळं माझ्या छातीच्या उंचीवर आणि सगळं एकाच दिशेला लोंबकळत. ओढा मात्र ठणठणीत कोरडा. नदीच्या नकाशावर निळी पूररेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते आणि लाल 100 वर्षांतून एकदाच्या पुराची. आमच्या ओढ्याची रेषा कुणी आखलीच नव्हती. बाभळीनं आखून ठेवली होती. अहवालात मी ‘जागा अयोग्य’ असं लिहिलं. सभापती दोन वर्षं माझ्याशी बोलले नाहीत.

2. फुकट जागा मिळत असेल तर आजूबाजूचे सातबारे काढा.

गावाबाहेर साडेतीन किलोमीटरवर एक दानशूर निघाले. दोन एकर विनामूल्य, बक्षीसपत्र तयार, फोटोग्राफरही ठरलेला. मी तलाठ्याकडून लगतच्या गटांचे उतारे आणले. बहुतेक सगळे याच घरातल्या माणसांच्या नावावर, अलीकडेच खरेदी केलेले. पालिका तिथे गेली की रस्ता, पाणी, गटार, दिवे हे सगळं मागोमाग पालिकेच्याच खर्चानं जाणार आणि प्लॉटचे भाव चढणार. नुसत्या पोचरस्त्याचा आणि जलवाहिनीचा अंदाज काढला, तर तेवढ्या पैशात गावठाणालगत जागा विकत घेता आली असती. शिवाय विकास आराखड्यात ती जमीन शेती विभागात. म्हणजे एमआरटीपी कायद्याच्या कलम 37 खाली फेरबदलाचा प्रस्ताव, हरकती-सूचना, सुनावणी, मग शासनाची मंजुरी. दान घ्यायलाच काही वर्षं!

3. आठवडाभर जन्म-मृत्यूच्या खिडकीशेजारी स्टूल टाकून बसा.

वही घेऊन मी येणाऱ्याला एवढंच विचारत होतो: कशानं आलात? चालत, एसटीनं, शेअर रिक्षानं. चारचाकीतून आलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, तेही ठेकेदार. एक मावशी नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी तिसऱ्यांदा आल्या होत्या. एक दिवसाची मजुरी बुडवून. जागा गावाबाहेर असती तर रिक्षाभाडंही त्यांच्याच माथी. त्याच महिन्याच्या सभेत चर्चा कशावर झाली? पार्किंगवर.

4. मुंबईकडे एकदा नीट पाहा.

मुंबई महापालिकेची इमारत 1893 साली पुरी झाली. रेल्वेचं भव्य स्टेशन समोर, आणि दोन्हींचा वास्तुशिल्पी एकच, फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. लोक घुमट पाहतात. मला नवल वाटतं दोन रस्त्यांच्या बेचक्यातल्या त्या अडचणीच्या जागेचं. ऐसपैस मैदान हवंच असतं असं नाही; गाडीतून उतरलेल्या माणसाला समोर कचेरी दिसली पाहिजे. आणि नवीच इमारत पाहिजे असंही नाही. सोलापूर महापालिकेचा कारभार वारदांच्या इंद्रभुवन या जुन्या वाड्यातून कित्येक वर्षं चालला.

5. काळी माती असेल तर मुरूम लागेपर्यंत खड्डे घ्या. एक नव्हे, चारही कोपऱ्यांत. पावसात फुगणारी आणि उन्हात भेगाळणारी ती माती ठरावाला जुमानत नाही.

6. अभिलेख कक्ष कुठे, ते जागेसोबतच ठरवा.

हा आराखड्याचा विषय, जागेचा नव्हे, असं मला वरिष्ठांनी सुनावलं होतं. पण जागा लहान पडली की रेकॉर्ड तळघरात जातं, आणि तळघरात पाणी. 21 जून 2012 ला मंत्रालयाला आग लागली, हजारो फायली गेल्या. पाणी आणि आग दोन्हींपासून दूर अशी एक खोली आधी राखा, मग दालनांची भांडणं सुरू होऊ द्या.

7. पालिकेच्या स्वतःच्या मिळकतींची नोंदवही आधी उघडा.

आम्ही ती सहाव्या वर्षी उघडली. बाजारपेठेमागचा कोंडवाडा वर्षानुवर्षं रिकामा होता. आत गवत, एक मोडकी कचरागाडी. मालमत्ता पत्रकावर नाव पालिकेचंच. जागा लांबट, अरुंद. दोनऐवजी चार मजले चढवावे लागले आणि लिफ्टचा खर्च वाढला, हे खरं. पण एसटी स्टँडपासून चालत सात मिनिटं.

त्या ओढ्याकाठी आता लग्नाचं लॉन झालंय. चातुर्मासात बंद असतं, म्हणून बरं.