चेर्स्क : एका नगराचे खेडे होणे

पोलिश भाषेत खेड्याला 'व्येश' म्हणतात. संस्कृतातील 'विश्' आणि हा शब्द ही एकाच मूळ धातूची अपत्ये होत. नगरवाचक 'म्यास्तो' ह्या शब्दाचा मूळ अर्थ मात्र केवळ 'स्थान' असा होता. मध्ययुगात त्या 'स्थाना'ला कायद्याचे अधिष्ठान लाभले. राजाने वा सरदाराने सनद दिली, बाजार भरविण्याचा व स्वतंत्र न्यायाचा अधिकार मिळाला, की वस्ती नगर ठरे. नगरत्व हे अशा रीतीने लोकसंख्येपेक्षा लेखावर अवलंबून होते. वॉर्साच्या दक्षिणेस असलेल्या चेर्स्क ह्या खेड्याचा इतिहास त्या दृष्टीने उद्बोधक आहे.

विस्तुला नदीच्या उंच काठावर येथे प्रथम लाकूड व माती यांची गढी होती. माझोव्हियाचा राजपुत्र पहिला कॉन्राड याने १२३३ साली बाल बोलेस्वाव्ह व त्याची माता ग्झिमिस्वावा यांना येथे बंदिवासात ठेवले. हाच बोलेस्वाव्ह पुढे क्राकूवचा अधिपती झाला. तेराव्या शतकाच्या मध्यानंतर चेर्स्क हे स्वतंत्र संस्थानाचे मुख्य ठिकाण बनले, आणि चौदाव्या शतकात त्याला नगराधिकार प्राप्त झाले.

ह्या उत्कर्षातच ऱ्हासाचे बीज होते. चौदाव्या शतकाच्या अखेरीस राजपुत्र पहिला यानुश याने गढीच्या जागी विटांचा भक्कम किल्ला उभारण्यास आरंभ केला. परंतु त्याच राजपुत्राच्या कारकीर्दीत राजधानी आणि धर्मपीठ ही दोन्ही वॉर्साकडे गेली. १४२९ साली तो निवर्तला, तेव्हा चेर्स्कजवळ किल्ला होता, सत्ता नव्हती. पुढे नदीनेही पात्र बदलले. व्यापारी जलमार्ग दूर गेला आणि जुन्या पात्राच्या जागी सरोवर उरले. १५२६ मध्ये माझोव्हिया पोलिश राजसत्तेत विलीन झाला; १६५६ च्या स्वीडिश युद्धात किल्ला उद्ध्वस्त झाला.

तरीही चेर्स्क कागदोपत्री नगरच राहिले. १८६३ च्या उठावानंतर रशियन सत्तेने १८६९ साली तीनशेहून अधिक लहान नगरांचे अधिकार काढून घेण्याचे धोरण अवलंबिले. त्यात चेर्स्कचेही नगरत्व लोपले. म्हणजे सत्ता पंधराव्या शतकात गेली, व्यापार नदीबरोबर गेला आणि पदवी एकोणिसाव्या शतकात गेली. ह्या तीन घटनांत शतकांचे अंतर आहे. त्यांना 'ऱ्हास' ह्या एकाच शब्दात कोंबल्यास कार्यकारणभाव हरवतो. हुकूमनाम्याने नगर मारले, असे म्हणणे जितके अपुरे, तितकेच नदीने मारले असे म्हणणेही अपुरे होय.

साहित्याच्या अभ्यासकास ह्यातून एक सावधगिरी शिकता येते. जुन्या पोलिश इतिवृत्तांत चेर्स्कचा उल्लेख आढळला, की आजच्या खेड्याचे मोजमाप त्यावर लादू नये. भग्न किल्ल्याचे तीन बुरूज आजही उभे आहेत, आणि गावाच्या मानाने ते फार मोठे आहेत. ही विसंगती नसून, ज्या काळी ते बांधले त्या काळच्या सत्तेचे ते खरे माप आहे.