मोटारीच्या इंजिनाची घरगुती सफाई : दक्षता आणि पद्धती

धारहून मांडवगडाकडे जाणारा रस्ता नालछा गावातून जातो. उन्हाळ्यात काळ्या मातीची बारीक धूळ, पावसाळ्यात चिखल आणि सोयाबीन व गहू यांच्या मळणीच्या दिवसांत भुसा, असे तिन्ही ऋतूंचे अवशेष या भागातील मोटारींच्या बॉनेटखाली साचत असतात. याच धार जिल्ह्यातील पीथमपूर येथे २०२१ साली ११.३ किलोमीटर लांबीचा अतिवेगवान चाचणी-मार्ग सुरू झाला. परंतु चाचणीत उत्तम ठरलेली गाडीही धूळ, तेल आणि दुर्लक्ष यांपुढे टिकत नाही. तिची पुढील निगा मालकाच्याच हाती असते.

सफाई कशासाठी?

इंजिन चकचकीत दिसावे हा सफाईचा खरा हेतू नव्हे. तेल व धूळ यांचे किट्ट चढले म्हणजे गळती कोठून होत आहे ते कळत नाही. धुराच्या नळीचा इंजिनालगतचा भाग चालत्या गाडीत शेकडो अंश तापतो. त्यावर वाळलेला पाला, भुसा किंवा उंदराने आणलेल्या चिंध्या पडल्यास आग लागू शकते. उंदीर वायरींवरील आवरण कुरतडतात. त्यामुळे तारा एकमेकींना चिकटून ठिणगी पडते. स्वच्छ इंजिनात हे सर्व दोष वेळीच नजरेस पडतात.

पूर्वतयारी

गाडी सावलीत, सपाट जागी उभी करावी. हातब्रेक लावून चाकांना दगडाची उटी द्यावी. इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत थांबावे. तापलेल्या धातूवर गार पाणी पडल्यास त्यास तडा जाण्याचा संभव असतो. गरम रेडिएटरचे झाकण तर कदापि उघडू नये. आतील पाणी दाबाखाली असल्याने १०० अंश सेल्सिअसच्या वर तापूनही उकळत नाही. झाकण सैल होताच दाब उतरतो आणि त्याची वाफ होऊन ते हातातोंडावर उसळते.

किल्ली काढून गाडीपासून दूर ठेवावी, कारण अनेक गाड्यांत विजेवर चालणारा पंखा इंजिन बंद झाल्यानंतरही आपोआप फिरू लागतो. पदर, उपरणे, सैल बाह्या, बांगड्या व अंगठ्या आवरून अथवा काढून ठेवाव्यात. रबरी हातमोजे व चष्मा वापरावा. मुलांना जवळ येऊ देऊ नये. बॉनेटचा टेकू नीट बसला आहे याची खात्री करावी.

त्यानंतर बॅटरीचे ऋण टोक प्रथम सोडवावे. गाडीचा सांगाडा ऋण टोकास जोडलेला असतो. धन टोक आधी सोडविताना पाना सांगाड्यास लागला तर मोठी ठिणगी पडते. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन वायू ज्वालाग्राही असल्याने तेथे विडी, काडी किंवा दिवा नेऊ नये. सफाईनंतर हे टोक सर्वांत शेवटी जोडावे. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेतील सूचना आधी वाचणे इष्ट होय.

सफाईचा क्रम

प्रथम कोरडी सफाई करावी. पाला व भुसा हाताने आणि मऊ ब्रशने काढावा. उंदराचे घरटे असल्यास नाकातोंडावर फडके बांधून ते किंचित ओले करावे व मगच उचलावे. त्यामुळे दूषित धूळ उडत नाही. तेलाचे थर जुन्या फडक्याने जितके पुसता येतील तितके कोरडेच पुसून घ्यावेत.

मग हवा घेण्याची नळी, अल्टरनेटर, फ्यूजची पेटी, वायरींचे सांधे आणि बॅटरी प्लास्टिकच्या पिशव्यांनी झाकावीत. पिशव्या मोजून ठेवाव्यात, म्हणजे एखादी आत राहणार नाही. साबणाच्या पाण्यात बुडवून पिळलेल्या स्पंजने एकेक भाग पुसावा व लगेच स्वच्छ ओल्या फडक्याने साबण काढावा. जोरदार फवारा मारू नये. पाणी सांध्यांत शिरून गंज चढतो. हवेच्या नळीवाटे सिलिंडरमध्ये गेल्यास ते दाबले जात नाही आणि दट्ट्याचा दांडा वाकतो. बॅटरीच्या टोकांवरील पांढरट क्षार खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पुसावा. मात्र हे द्रावण बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये.

पेट्रोलने इंजिन धुण्याची सवय अतिशय घातक आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असून जमिनीलगत पसरते आणि दूरच्या चुलीपासूनही पेट घेऊ शकते. विजेवर किंवा संमिश्र पद्धतीने चालणाऱ्या गाड्यांतील नारिंगी वायरींना स्पर्श करू नये. अशा गाडीचे काम प्रशिक्षित तंत्रज्ञाकडेच सोपवावे.

सफाईनंतर

पिशव्या काढून सर्व भाग कोरडे पुसावेत आणि ओल जाईपर्यंत बॉनेट उघडे ठेवावे. बॅटरी जोडून, आत फडके वा हत्यार राहिले नाही हे पाहून इंजिन सुरू करावे. पट्टा व पंखा यांपासून हात दूर ठेवून काही मिनिटे निरीक्षण करावे. इंधनाचा वास, नवी गळती किंवा कुरतडलेली वायर आढळल्यास इंजिन तत्काळ बंद करावे आणि दुरुस्ती मिस्त्रीकडून करून घ्यावी.

पाण्याचे रक्षण

मांडवगडाच्या पठारावर मुंज तलाव व कपूर तलाव यांसारखी जलाशये शतकांपूर्वी बांधली गेली, ती पावसाचे पाणी जपण्यासाठी. आजही खेड्यातील विहीर व हातपंप यांची मदार मुरणाऱ्या पाण्यावरच आहे. जमिनीवर सांडलेले तेल पावसाबरोबर तेथवर पोहोचते. म्हणून विहीर, हातपंप, नाला किंवा तलाव यांच्याजवळ गाडी धुऊ नये. वापरलेले तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. ते झाकणाच्या डब्यात साठवून, अधिकृत रीतीने तेल गोळा करणाऱ्या गॅरेजात द्यावे. तेलकट चिंध्या चुलीत जाळू नयेत. त्याही त्याच डब्यासोबत द्याव्यात.

शिक्षकांनी या विषयाचे प्रात्यक्षिक थंड व बंद गाडीवर, विद्यार्थ्यांना अंतरावर उभे करून दाखविल्यास, दाब, वाफ आणि वीज यांचे पुस्तकातील नियम त्यांना प्रत्यक्ष उमगतील. तासाभराच्या या कामात घाई टाळली, तर गाडी, हात आणि गावची विहीर ही तिन्ही सुरक्षित राहतील.