पास्त्याची पंगत

घरी सहा-आठ स्नेह्यांना बोलवावे, पदार्थ एकामागून एक सावकाश यावेत, गप्पांना रंग चढावा आणि दोन-अडीच तास कोणालाही उठण्याची घाई नसावी, अशा इटालियन धर्तीच्या जेवणाची हौस अलीकडे आपल्याकडील बऱ्याच घरांतून दिसू लागली आहे, आणि ती स्तुत्यच आहे. मात्र या जेवणातील निवांतपणा हा त्या पदार्थांचाच अंगभूत गुण असून ते पदार्थ शिजवले की तोही पाठोपाठ घरात येतो, अशी जी भाबडी समजूत यजमान मंडळी करून घेतात, तिच्यापायी किती धांदल उडते हे मी एकदा फार जवळून पाहिले. पुढे स्वतःच्या घरी अशी जेवणे घालू लागलो तेव्हा त्या प्रसंगाची आठवण मला मार्गदर्शक ठरली. म्हणून आधी तो प्रसंग आणि मग त्यातून निघालेली व्यवस्था, अशा क्रमाने सांगतो.

श्रावणातील एका रविवारी माझ्या थोरल्या बहिणीकडे हा बेत होता. मी पाहुणा म्हणून गेलो होतो, परंतु पायांतले जोडे काढण्यापूर्वीच मुदपाकखान्यात माझी नेमणूक झाली. भिंतीवर चिकटवलेल्या यादीत रिसोटो, दोन तऱ्हांचा पास्ता, पिझ्झा, लसूण लावलेला पाव, कोशिंबिरीचे दोन प्रकार आणि शेवटी तिरामिसू, एवढा फौजफाटा होता आणि ओट्यावर शेगड्या चार. पाहुण्यांना साडेसातचे आमंत्रण होते. त्यांपैकी एक दांपत्य पावणेआठला आले आणि शेवटचे नऊ वाजून गेल्यावर. आपल्या समाजाचा हा शिरस्ता सर्वश्रुत असताना यादीत त्याची कोठेच दखल नव्हती. रिसोटो ठरल्याप्रमाणे साडेसातला तयार झाला. या भाताचा दाणा आखूड आणि पिठूळ असतो, त्यावर गरम रस्सा थोडा थोडा ओतून अठरा-वीस मिनिटे ढवळल्याने त्यातील पिष्ट सुटते आणि त्यानेच भाताला लोण्यासारखी तकाकी येते. परंतु तेच पिष्ट पातेले झाकून ठेवताच घट्ट होऊ लागते. नऊ वाजता मी झाकण काढले तेव्हा उलथने आत जाईना. ताईने त्यावर पाणी शिंपडले, पुन्हा आच दिली, आणि भाताची खिमट झाली.

त्याहून हृदयद्रावक अवस्था स्पॅगेटीची. तीन लिटरांच्या पातेल्यात जवळजवळ एक किलो स्पॅगेटी एकदम उभी करण्यात आली. पाण्याची उकळी तत्क्षणी बसली, ती परत यायला दहा मिनिटे लागली, आणि तेवढ्या वेळात खालची टोके एकमेकींना अशी चिकटली की वरून पाहावे तो केरसुणी पाण्यात भिजत घातल्याचा भास व्हावा. मोठी चाळणी घरात नव्हती म्हणून तांदूळ धुण्याची रोवळी काढली. पाणी मोरीत गेले. कोणी तरी वरून नळ सोडला. मग ती स्पॅगेटी, तो भात, ती कोशिंबीर आणि तो पाव हे सर्व टेबलावर एकदम मांडून ‘घ्या, सुरू करा’ असे फर्मान सुटले. भावोजींचे काका ताटली हातात घेऊन उभे होते. “सूनबाई, यात कांदा-लसूण नाही ना?” त्यांनी अगदी सौम्यपणे विचारले, आणि स्वयंपाकघरात एकाएकी शांतता पसरली. काकांनी पाव आणि काकडी खाल्ली. ताई अकरा वाजता जेवायला बसली, तेव्हा बाहेर निरोपाचे बोलणे सुरू झाले होते.

आता यात दोष कोणा पदार्थाचा नव्हता. इटालियन जेवणाची खरी वहिवाट बुफेची नाहीच. ती आपल्या पंगतीच्या जवळची आहे, हे ध्यानात न घेतल्याने सगळा घोळ झाला. पंगतीत जसा आधी वरणभात, मग पोळी आणि पक्वान्न, शेवटी ताकभात असा क्रम असतो, सर्व जण एकदम बसतात आणि वाढपी फेऱ्या घालतात, तसेच तिकडे आरंभी आन्तिपास्तो म्हणजे तोंडी लावण्याचे थंड-कोमट प्रकार, मग प्रीमो म्हणून पास्ता, भात किंवा सूप, त्यानंतर सेकोन्दो म्हणून मांस, मासे किंवा भाजीचा एखादा मुख्य पदार्थ आणि सोबत साधी पालेभाजी, आणि शेवटी फळ किंवा गोड, असा क्रम चालतो. पास्ता हा स्वतंत्र वाढायचा आणि वाढताच खायचा पदार्थ आहे. माणसांनी पास्त्यासाठी थांबावे, पास्ता माणसांसाठी थांबत नाही, असे तिकडे म्हणतात ते अक्षरशः खरे आहे. बुफेच्या टेबलावर तो पाच मिनिटांत गोठतो. सबब पहिली तजवीज बसण्याची करावी. जेवणाचे टेबल लहान असेल तर त्याला अभ्यासाचे टेबल जोडून वर एकच चादर अंथरावी, शेजाऱ्यांच्या खुर्च्या आणाव्यात. तेही न जमल्यास सरळ सतरंजीवर पंगत धरावी, त्यात उणेपणा मुळीच नाही. पंगतीची एक गोष्ट मात्र येथे आवरती घ्यावी, ती म्हणजे आग्रह. पास्त्याच्या दुसऱ्या वाढीचा आग्रह केलात की पुढचा पदार्थ वाया गेलाच म्हणून समजा.

दुसरी गोष्ट यादीची. पेल्लेग्रीनो आर्तुझी या व्यापारातून निवृत्त झालेल्या गृहस्थाने १८९१ मध्ये फ्लॉरेन्स येथे स्वखर्चाने आपला पाकग्रंथ छापला आणि १९११ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यात भर घालत घालत तो ७९० कृतींपर्यंत नेला. इटलीतील घरोघरी जो ग्रंथ पोचला तो हा. त्याच्या शेवटी महिन्यामहिन्याला शोभतील अशा जेवणांच्या याद्या आहेत, आणि त्या वाचून कोणाचेही डोके फिरावे इतक्या त्या रसाळ आहेत. परंतु आर्तुझीच्या घरी मारियेत्ता साबातिनी आणि फ्रान्चेस्को रुफिल्ली असे दोघे कसबी जण स्वयंपाकाला होते, ही गोष्ट त्या याद्यांची नक्कल उतरवून घेणाऱ्याने विसरू नये. ज्या घरात यजमानीणच आचारी, वाढपी आणि स्वागताध्यक्ष असते, तेथे शेवटच्या घटकेला करण्याचा पदार्थ एकच असावा आणि बाकी सर्व दुपारपर्यंत झाकून ठेवता यावे, एवढा एक नियम पाळला तरी निम्मी लढाई जिंकली. या नियमाने रिसोटो आणि पास्ता यांना एकाच रात्री स्थान नाही. दोघेही शेवटच्या घटकेचे मानकरी. पिझ्झा तर घरच्या जेवणातून मी बादच करतो. त्याला लागणारी भट्टीची धग आपल्या ओव्हनला नसते, आणि एकेक पिझ्झा भाजून निघेपर्यंत उरलेले सात जण आढ्याकडे पाहत बसतात.

आधी करून ठेवण्याजोगे पदार्थ इटालियन स्वयंपाकात विपुल आहेत, आणि त्यांतले काही आपल्या वाण्याकडच्या जिनसांतूनच होतात. तस्कनीमधील गार्फान्यानाच्या खोऱ्यात पिकणारा फार्रो आणि आपल्या सातारा-सांगलीकडील खपली गहू हे एकाच जातीचे धान्य होय. खिरीसाठी आणतो तो सडलेला खपली रात्रभर भिजत घालावा, सकाळी मीठ घालून कुकरमध्ये असा शिजवावा की दाणा मऊ व्हावा पण फुटू नये, आणि निथळून कोमट असतानाच त्यावर ऑलिव्हचे तेल व लिंबाचा रस घालावा. दाणा गरम असताना तेल पितो, गार झाल्यावर ते नुसते अंगावर राहते. संध्याकाळी त्यात काकडी, टोमॅटो आणि बेसिलची पाने मिसळली की आन्तिपास्तोचा एक भक्कम पदार्थ सिद्ध झाला. बेसिल न मिळाल्यास अंगणातील तुळस खुडू नये. आजेसासूबाई रागावतील हे एक. शिवाय तुळशीचा उग्र लवंगी वास सगळ्यावर मात करतो. आपला सब्जा हे बेसिलच्याच जातीच्या झाडाचे बी असल्याने त्याचे रोप कुंडीत लावणे अधिक शहाणपणाचे.

सिसिलीची कापोनाता तर खास मराठी जिभेसाठीच निर्माण झाली असावी. तळलेल्या वांग्याच्या फोडी, सेलरीचे देठ, टोमॅटो, ऑलिव्ह आणि केपर नावाच्या खारवलेल्या कळ्या यांना सिरका आणि साखर घालून आंबटगोड चव आणतात. ती ताजी खाण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी, गार झाल्यावर अधिक मुरते. सेकोन्दोसाठी शाकाहारी मंडळींना भाजलेल्या ढोबळ्या मिरच्या आणि पांढऱ्या घेवड्याची उसळवजा भाजी, मांसाहारी मंडळींना सकाळीच शिजवून ठेवलेली टोमॅटोतील कोंबडी, एवढे पुष्कळ झाले.

पास्त्याच्या टोमॅटोच्या रसासाठी मी मार्चेल्ला हाझान या विदुषीची अत्यंत अल्पसाहित्याची कृती प्रमाण मानतो. सुमारे ९०० ग्रॅम टोमॅटो, ७० ग्रॅम लोणी आणि दोन भाग केलेला एक कांदा, मंद आचेवर पाऊण तास; मग कांदा काढून टाकावा. चार जणांना हे प्रमाण रग्गड होते, आठांना दुप्पट करावे. आपले टोमॅटो पाणचट आणि आंबट असल्याने मी ते आणखी वीस मिनिटे आटवतो. हा रस आदल्या रात्री केला तरी चालतो.

राहिले ते पाणी. प्रत्येक १०० ग्रॅम पास्त्याला एक लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ हा इटलीतील सर्वमान्य हिशेब आहे. पुढे आणखी पदार्थ असल्याने माणशी ८० ग्रॅम पुरतो. म्हणजे आठ जणांना ६४० ग्रॅम पास्ता, साडेसहा लिटर पाणी आणि जवळजवळ चार मोठे चमचे मीठ. एवढे पाणी घरगुती शेगडीवर उकळायला अर्धा तास सहज लागतो, आणि यजमानाची फजिती नेमकी याच अर्ध्या तासात होते. म्हणून पहिला पाहुणा दारात येताच पाणी चढवावे, शक्यतो दोन पातेल्यांत विभागून; उकळल्यावर झाकण ठेवून आच बारीक करावी, आणि मीठ व पास्ता मात्र शेवटचा पाहुणा येऊन, आन्तिपास्तो संपत आल्यावरच घालावा. तेल घालू नये; त्याने रस पास्त्याला धरत नाही. पाकिटावर दिलेल्या वेळेच्या दोन मिनिटे आधी एक तुकडा चावून पाहावा. मध्यभागी खडूच्या रेघेएवढा पांढरा ठिपका दिसला की गाळायची वेळ झाली. गाळण्यापूर्वी वाडगाभर पाणी काढून ठेवायला विसरू नये, कारण त्या पिठूळ पाण्यानेच रस आणि पास्ता एकजीव होतात. उरलेली दोन मिनिटे पास्ता रसाच्या कढईत, हे पाणी घालत घालत, शिजवावा. ताटल्या त्या आधीच कढत पाण्याने धुऊन पुसून ठेवलेल्या असाव्यात. हे सारे काम बारा मिनिटांचे आहे. तेवढा वेळ यजमान बैठकीतून उठला तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

पाहुण्यांच्या आचारधर्माची चौकशी आमंत्रण देतानाच करावी, ताटावर नव्हे. चातुर्मास पाळणाऱ्यांना कांदा-लसणाबरोबर वांगेही वर्ज्य असते, म्हणजे कांदेनवमी उलटली की कापोनाताही गेली. हाझानबाईंच्या रसातला कांदा मात्र बिनदिक्कत गाळता येतो, त्याने रस किंचित साधा होतो इतकेच. जैन स्नेही असतील तर बटाटा-गाजराचीही खबरदारी घ्यावी. परंतु ज्याचा कोणी संशयही घेत नाही अशी वस्तू म्हणजे चीज. अस्सल पार्मिजानो रेज्जानो वासराच्या जठरातील रेनेट घालूनच बनवावे असा तेथील नियम आहे. ते किसून कट्टर शाकाहारी माणसाच्या ताटलीवर भुरभुरवणे हा विश्वासघात होय. वेष्टनावर हिरवी खूण असलेले चीज आणावे, आणि ते किसून वेगळ्या वाटीत ठेवावे. गोडाचीही तीच कथा. तिरामिसूत कच्ची अंडी, पान्ना कोत्तात जिलेटिन; दोन्हींचे निर्धोक पर्याय शोधण्यात दिवस घालवण्यापेक्षा फळ द्यावे. इटालियन घरांतून रोजचे जेवण फळानेच संपते. हिवाळ्यात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी चिरून साखर आणि लिंबाचा रस लावून तासभर ठेवावी, ही तिकडचीच पद्धत. वैशाखात हापूसच्या फोडी कापाव्यात आणि इटलीचे नाव घेऊ नये.

कॉफीसाठी अल्फोन्सो बियालेत्ती यांनी १९३३ मध्ये काढलेले मोका नावाचे अष्टकोनी भांडे आता आपल्याकडेही मिळते. खालच्या भागात झडपेपर्यंतच पाणी घालावे, पूड दाबून भरू नये, चिकोरी नसलेली चिकमगळूरची कॉफी घ्यावी आणि आच मंद ठेवावी. गुरगुर सुरू होताच उतरवावे, नाही तर कडवट होते. जेवणानंतर दुधाची कॉफी इटालियन माणूस पीत नाही. आपले पाहुणे पितात, आणि आठांतले पाच तरी मागतात. त्यांना इटलीचा दाखला देत बसू नये. दुधाचे पातेले बाजूच्या शेगडीवर आधीच तापत ठेवलेले असावे.