बसलेली गाडी आणि मऊ गाडी

सातारा

चि. अनिकेत यास,


परवा फोनवर तू म्हणालास, “मामा, पाच माणसं आणि सामान भरलं की पद्मिनीची मागची बाजू टेकते. गॅरेजवाले म्हणतात, दोन पाटे वाढवू, गाडी कडक होईल.” तेव्हा मी फक्त “थांब” म्हणालो. का थांबायचं, ते आता सविस्तर लिहितो.

दाजींची गाडी १९७८ ची. पद्मिनी हे नाव १९७४ सालचं, पण गाडी मुळात इटलीची फियाट ११०० डी, आपल्याकडे कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात घडलेली. पुढे दोन्ही चाकं स्वतंत्र, कॉइल स्प्रिंगवर. मागे आडवा सलग एक्सल, दोन बाजूंच्या पाट्यांवर, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या जुडग्यांवर. पुढच्या आणि मागच्या बाजूचं हे गणित आखणाऱ्यांनी जुळवून ठेवलेलं आहे. आपण एका बाजूला हात घातला की ते सगळं हलतं, हे मनात पक्कं धर.

आता मुख्य मुद्दा. गाडी बसणं वेगळं आणि गाडी मऊ असणं वेगळं. पाट्यांचा जुडगा किती कडक, हे पाट्यांची लांबी, रुंदी, जाडी आणि संख्या ठरवते. वर्षानुवर्षं भार सोसून त्याची कमान उतरते, पण म्हणून पोलाद मऊ पडत नाही. पाटा तुटलेला नसेल, तर शंभर किलो वजनाला तो पूर्वी जेवढा दबायचा तेवढाच आजही दबतो. फक्त सुरुवातच खालून होत असल्यामुळे वरच्या रबरी ठोकळ्याला लवकर टेकतो. तुझ्या गाडीला बहुधा कडकपणा नको आहे, तिची गेलेली उंची परत हवी आहे.

म्हणून आधी मोजून बघ. सपाट फरशीवर रिकामी गाडी उभी कर, चारही टायरांत हवा बरोबर भर आणि चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लाव. डावी-उजवी लिहून ठेव. मग डिकीचा कोपरा जोरात दाबून सोड. गाडी वर येऊन स्थिरावली तर शॉकअप ठीक आहेत. दोन-तीन वेळा डुलत राहिली तर ते गेलेत. शॉकअप वजन पेलत नाहीत, डुलणं थांबवतात. मेलेल्या शॉकअपची गाडी लाटांवरच्या होडीसारखी हलते आणि माणसाला वाटतं, पाटेच मऊ झाले. पाट्यांना गाडीशी जोडणाऱ्या शॅकलचे रबरी बुशही बघ. ते झिजले असतील तर एक्सल वळणावर आडवा सरकतो.

मग पाटे उतरवून एकेक सुटा कर आणि तारेच्या ब्रशने घास. सेंटर बोल्टच्या भोकाजवळ तडा शोध. खालच्या पाट्याच्या टोकाने वरच्या पाट्यात खाच पाडलेली असते, तिथे बोटाचं नख फिरव. नख अडलं तर तो पाटा बदल. बाकीच्यांना जाणकार पाटेवाल्याकडून नव्याने कमान देऊन घे. गॅसच्या ज्योतीने तापवून वाकवणाऱ्याच्या हातात मात्र देऊ नकोस. पोलाद नीट तापवून, तेलात विझवून, पुन्हा बेताने तापवलं तरच कमान टिकते.

एवढं करूनही कडक करावीशी वाटली, तर गणित ऐक. सारखे पाच पाटे असतील आणि तसाच सहावा घातला, तर कडकपणा साधारण वीस टक्के वाढतो. पण जाडीचा हिशेब घनाने चालतो. सहा मिलिमीटरच्या जागी सात मिलिमीटरचे पाटे घातले, तर तो जवळजवळ साठ टक्क्यांनी वाढतो. एका मिलिमीटरची किंमत एवढी असते. जड गाडीचे पाटे आणून कापून बसवणारे हेच विसरतात.

मीही विसरलो होतो. तरुणपणी एका गिऱ्हाइकाच्या फियाटला मी मागे दोन जाड पाटे वाढवले. गाडी छान उभी राहिली. चाचणीसाठी रिकामी गाडी घेऊन खंबाटकी घाटात गेलो. पहिला पाऊस पडून गेलेला. एका वळणावर मागची बाजू सुटली आणि कठड्यापासून दोन हातांवर थांबली. त्या संध्याकाळीच मी ते पाटे काढले.

झालं काय, ते समज. वळणावर वजन बाहेरच्या चाकांवर जातं. पुढची आणि मागची जोडी यांत जी जास्त कडक, तिच्या बाहेरच्या चाकावर जास्त बोजा येतो. टायरची पकड बोज्याच्या प्रमाणात वाढत नाही, म्हणून तीच जोडी आधी हार मानते. पुढची जोडी घसरली तर गाडी सरळ जाऊ बघते आणि वेग कमी केला की सहसा सावरता येते. मागची घसरली तर गाडी गरकन फिरते. त्यातून रिकाम्या गाडीचं मागचं वजन कमी, कडक पाटे खड्ड्यावर चाक उडवतात आणि उडालेलं चाक रस्ता धरत नाही.

ज्या गाडीच्या डिकीत गॅसची टाकी कायम बसलेली असते, तिला जादा पाटा शोभतो, कारण तिचा भार कायमचा असतो. तू वर्षातून चार वेळा गावी सामान आणतोस. त्यासाठी वर्षभर गाडीचा तोल बिघडवू नकोस. हवाच असेल तर एकच पाटा, मूळ जाडीचा, दोन्ही बाजूंना सारखा, आणि त्याला साजेसे शॉकअप.

बसवताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघ. रबरी बुशांचे बोल्ट गाडी जॅकवर असताना पूर्ण आवळायचे नाहीत. गाडी चाकांवर उतरव, वजन येऊ दे, मग आवळ. नाहीतर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि काही महिन्यांत फाटतं. एक्सल आणि पाटे एकत्र धरणारे यू बोल्ट पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा तपास.

गॅरेजवाल्यांना सांग, मामा म्हणतात आधी उंची, मग बुश आणि शॉकअप, आणि पाटे वाढवायचं सगळ्यात शेवटी. या क्रमाने काम झालं तर बहुतेक वेळा शेवटची पायरी लागतच नाही. टेपने घेतलेली मापं मला कळव. ती हातात येईपर्यंत एकही पाटा विकत घेऊ नकोस.

ताईला आणि दाजींना नमस्कार.

तुझा,
मामा