दहा मीटरला दहा सेंटिमीटर

हेडलाइटचा फोकस घरच्या अंगणात सेट करता येतो. एक स्क्रू ड्रायव्हर, मोजायची टेप, खडू आणि अंधार पडल्यानंतरचा तासभर एवढं पुरतं. काम इतकं सोपं आहे म्हणूनच ते चुकतं, आणि सावधगिरीचा पहिला शब्द मला इथेच सांगायचा आहे. बोनेट उघडलं की दिव्याच्या मागे प्लॅस्टिकच्या दात्यांचा एक स्क्रू दिसतो. तो फिरवला की समोरच्या भिंतीवरचा उजेड वर सरकतो, रस्ता लांबवर दिसायला लागतो आणि काम फत्ते झाल्यासारखं वाटतं. पण डिपरचा, म्हणजे खालच्या झोताचा, फोकस ठरवताना आपल्याला किती दिसतं हा अर्धाच प्रश्न असतो. उरलेला अर्धा समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांचा आहे, आणि तो माणूस तेव्हा आपल्या अंगणात उभा नसतो. म्हणून माझं म्हणणं असं, की स्क्रूला हात सगळ्यात शेवटी लावावा. आधी गाडी, जमीन आणि बल्ब तपासावेत. बऱ्याचदा बिघाड तिथेच सापडतो.

यातलं गणित एकदा समजून घेतलं की बाकीचं आपोआप उलगडतं. डिपरचा झोत सरळ पुढे जात नाही, तो किंचित खाली झुकवलेला असतो. बहुतेक कारना हा झुकाव एक टक्क्याच्या आसपास लागतो, म्हणजे दहा मीटरला दहा सेंटिमीटर. अनेक गाड्यांवर दिव्याजवळ किंवा कंपनीच्या पट्टीवर छोट्या दिव्याच्या चिन्हाशेजारी हा आकडा छापलेला असतो, तो असेल तर तोच खरा धरावा. दिवा जमिनीपासून 70 सेंटिमीटरवर असेल तर एक टक्का झुकावाने उजेडाची वरची कड 70 मीटरवर जमिनीला टेकते. झुकाव अर्धा टक्का केला तर तीच कड 140 मीटरवर जाते. शून्य केला तर ती टेकतच नाही, गाडीचं तोंड जरासं उचललं की थेट समोरच्याच्या काचेवर जाते. उलट अडीच टक्के झाला तर उजेड 28 मीटरवर संपतो. ताशी 60 किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते, त्यामुळे काही दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच 25 मीटर निघून जातात. रस्त्यात बसलेलं जनावर तोपर्यंत बंपरपाशी आलेलं असतं. तेव्हा ‘खाली ठेवला की सुरक्षित’ हेही खरं नाही. या साऱ्या फरकाचा कोन एक-दीड अंशाचा आहे, आणि स्क्रूच्या थोड्याशा फेऱ्यांत तो पार होतो.

आता गाडीच्या पाठीकडे बघा. लहान हॅचबॅकच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत साधारण अडीच मीटर अंतर असतं. पाठ पुढच्या मानाने अडीच सेंटिमीटर बसली, की पुढचं तोंड बरोबर एक टक्का वर होतं आणि सगळा झुकाव पुसला जातो. इंचभर बसण्याची ही गोष्ट आहे. गणपतीला मुंबईहून कोकणात येणारी गाडी आठवा, किंवा परतताना डिकीत तांदळाची गोणी, नारळ आणि फणसपोळीचे डबे भरून मागच्या सीटवर तिघांना घेऊन परशुराम घाट चढणारी. तिचा फोकस काल कितीही नीट असला तरी आज ती समोरच्याला आंधळं करते आहे, आणि चालकाला त्याचा पत्ताही नाही. त्यावर उपाय स्क्रूमध्ये शोधू नये. डॅशबोर्डवर स्टिअरिंगजवळ 0 ते 3 आकड्यांचं बटण असतं, ते नेमकं यासाठीच दिलेलं आहे. चालक एकटा असेल तेव्हा 0, ओझं वाढेल तसा आकडा वाढवायचा. अनेकांच्या गाडीत ते जन्मभर 0 वरच राहतं. बटण नसेल तर जड सामान शक्यतो डिकीत न ठेवता मागच्या सीटच्या पायाशी ठेवावं आणि मागच्या टायरांत भरल्या गाडीची हवा भरावी. ती किती, हे दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं.

बल्बचंही तसंच. एच-4 बल्बला तीन कान असतात आणि त्यातला एक रुंद असतो. घाईत तो कान खाचेत पूर्ण बसला नाही तर फिलामेंट मिलिमीटरभर सरकतं आणि भिंतीवरची कड फाटते. अशी फाटलेली कड स्क्रूने सावरत बसण्यापेक्षा बल्ब काढून पुन्हा बसवावा. हॅलोजनसाठी घडवलेल्या दिव्यात एलईडी घातला असेल तर उजेडाचा उगमच बदललेला असतो, मग कितीही फिरवलं तरी कड धारदार होत नाही. दिव्यात पाणी शिरलं तरी हीच गत. 22 जुलै 2021 च्या पुरात चिपळूणच्या बाजारपेठेत आणि सखल वस्त्यांत कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. दिव्यात गाळाचं पाणी शिरलं की आतल्या चंदेरी परावर्तकावर धुरकट थर बसतो. फडक्याने पुसला तर चंदेरी मुलामाच निघतो, आणि दिवा काढून धुतला किंवा नवा बसवला तर जुना फोकस हरवतो. कारण कोणतंही असो, दिवा एकदा सुटला की भिंतीसमोर गाडी उभी करणं आलंच.

भिंतीसमोर येताना कोकणात खरी अडचण जमिनीची होते. आपल्याकडे अंगण मुद्दाम उताराचं करतात, नाहीतर पावसाचं पाणी पडवीत येईल. शंभराला एकचा उतार डोळ्यांना कळतही नाही, आणि आपल्याला मोजायचा असतो तो नेमका तेवढाच झुकाव. यात एक बारकावा आहे. गाडीपासून भिंतीपर्यंत उतार सलग असेल तर बिघडत नाही, कारण गाडीही त्याच उतारावर उभी असते आणि भिंतीवरची उंची त्याच जमिनीपासून मोजली जाते. घात करतो तो मध्येच मोडलेला उतार. खात्रीसाठी पुढची चाकं सरळ करून गवंड्याची दोरी मागच्या चाकाच्या मध्यापासून पुढच्या चाकाच्या मध्यावरून ताणत भिंतीपर्यंत न्यावी आणि भिंतीवर खूण करावी. दिव्याचा मध्य चाकाच्या मध्यापेक्षा जितका उंच, तितकं त्या खुणेच्या वर मोजलं की दिव्याची खरी उंची भिंतीवर मिळते. चिऱ्याचा गडगा असेल तर त्यावर पांढरी चादर ताणून लावावी, लाल खडबडीत चिऱ्यात कड हरवते. दहा मीटर जागा नसेल तर जितके मीटर अंतर तितके सेंटिमीटर खाली रेघ मारावी. पाच मीटरला पाच. मात्र तिथे सेंटिमीटरची चूक दुप्पट महाग पडते, म्हणून जागा काढता आली तर काढावीच.

मग चालकाच्या जागी कोणीतरी बसवावं, बटण 0 वर ठेवावं, डिपर लावावा आणि एका दिव्यासमोर पुठ्ठा उभा धरावा. दिव्यावर कापड टाकू नये, प्लॅस्टिकची काच तापते. भिंतीवर दिसणारी कड उजवीकडे आडवी सपाट असते आणि मध्यापासून डावीकडे तिरकी वर चढते. समोरचा उजवीकडून येतो म्हणून तिकडे ती दाबलेली, आणि कडेने चालणारी माणसं व मैलाचे दगड दिसावेत म्हणून डावीकडे उचललेली. सपाट भाग आपल्या रेघेवर यायला हवा, आणि चढाव जिथे सुरू होतो तो कोपरा दिव्याच्या मध्याच्या सरळ रेषेत. हात लावण्याआधी कड जिथे होती तिथे चिकटपट्टी लावून ठेवावी, म्हणजे परतीची वाट राहते. पाव-पाव फेराच फिरवावा, जुने प्लॅस्टिकचे दाते जोर लावला की तुटतात. दिवे आपोआप पातळी धरत असतील अशा गाडीत मात्र घरी हात घालू नये.

यावर म्हणतात, हे काम फोकस तपासायच्या मशीनवर होतं, अंगणात कशाला? मशीन मिळत असेल तर जरूर जावं, ते जास्त अचूक आहे. पण खासगी कारवाल्याला ते करून घ्यायची सक्ती नाही. पीयूसीत धूर तपासतात, दिवा नाही, आणि खासगी कारची नोंदणी पंधरा वर्षं टिकते. तोवर तिचा फोकस तपासायला कोणी बांधलेलं नसतं. कायदा मात्र आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला 106वा नियम सांगतो, की दिव्यापासून आठ मीटर पुढे, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि दीड मीटर उंचीवर असलेल्या डोळ्याला उजेडाने दिपवता कामा नये. ही चाचणी घरी कोणालाही करता येते. त्या जागी डोळे आणून उभं राहावं आणि दिव्याकडे बघावं.

दुसरा आक्षेप जास्त मनापासून येतो. कुंभार्ली घाटात पावसाळ्यात धुकं उतरतं, डांबर ओलं असतं, डिपरमध्ये काहीच दिसत नाही, मग थोडा वर घेतला तर काय बिघडलं? ओला रस्ता उजेड परत देत नाही, आरशासारखा पुढे फेकतो, म्हणून तो काळा दिसतो. फोकस वर घेतला तरी तो काळाच राहतो. उजळतात ते धुक्याचे आणि पावसाचे थेंब, तेही आपल्याच डोळ्यांसमोर. 60 च्या वेगात ओल्या रस्त्यावर थांबायला, विचाराचे 25 मीटर धरून, साधारण 60 मीटर लागतात. डिपरचे 70 मीटर तिथेच संपत आले. 80 च्या वेगात ते पुरतच नाहीत. म्हणून तिथे वेग उजेडाला जुळवावा लागतो. वळणावर आणि चढाच्या माथ्यावर नीट सेट केलेला दिवाही क्षणभर समोरच्याच्या डोळ्यांत जातो, हेही मान्य. पण क्षणभराचा प्रकाश आणि रस्त्यातल्या प्रत्येक सरळ पट्ट्यावरचा सततचा प्रकाश यांत फार अंतर आहे. दिपलेला डोळा सावरायला काही सेकंद लागतात, वय झालेल्या माणसाला आणखी जास्त. तेवढे सेकंद त्याची गाडी आपल्याच दिशेने आंधळी येत असते. ‘समोरचे सगळे अपर, म्हणजे वरचा झोतच, मारतात, मीच का?’ याला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे.

काम झालं की दुसऱ्या रात्री घाट नसलेल्या सपाट रस्त्यावर एकदा बघून यावं. समोरची कार दिव्यांची उघडझाप करून खुणावू लागली, तर अंगणात कुठेतरी मोजणी चुकली आहे. बरोबर जमलं असेल तर भिंतीवरच्या खडूच्या रेघा पहिल्याच पावसात धुऊन जायच्या आत त्यावर ऑइलपेंट फिरवावा आणि चाकं जिथे उभी होती त्या चार जागाही रंगवाव्यात. पुढच्या वेळी बल्ब बदलला की फोकस जागेवर आहे की नाही ते पाच मिनिटांत कळेल.