अर्जित असहायता म्हणजे आळस का?

प्रश्न : गणितात सतत नापास होणाऱ्या मुलांवरच्या एका लेखात ‘अर्जित असहायता’ असा शब्द वाचला. असहायता कोणी कमावतं का? की मुलं आळशी आहेत, हेच जड भाषेत सांगितलंय?
– एक पालक

उत्तर : आळसाशी याचा संबंध नाही. आपण काहीही केलं तरी फरक पडत नाही, असा अनुभव वारंवार आला की धडपड थांबते. आणि पुढे सुटकेची वाट खरोखर उघडी असली तरी पाय तिकडे वळत नाहीत. या अवस्थेचं हे नाव; ‘अर्जित’ म्हणजे अनुभवातून शिकलेली.

१९६७ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केला. काही कुत्र्यांना विजेचे झटके बसत, पण डोक्याने फळी दाबली की ते थांबत. दुसऱ्या गटाला झटके तेवढेच, तेवढाच वेळ. फळी दाबून उपयोग मात्र शून्य. तिसऱ्या गटाला झटके नव्हतेच. नंतर सगळ्यांना अशा पेटीत ठेवलं, जिथे मधला बुटका अडथळा ओलांडला की सुटका होत होती. पहिला आणि तिसरा गट उडी मारायला शिकला. दुसऱ्या गटातले बहुतेक कुत्रे झटके सोसत पडून राहिले.

हे वाचून जीव कळवळतो. पण पाहा, पहिल्या दोन्ही गटांची वेदना सारखीच होती. वेगळं होतं ते एवढंच, की ती थांबवणं एकाच्या हातात होतं आणि दुसऱ्याच्या नव्हतं.

माणूस आणखी एक गोष्ट करतो, कारण शोधतो. ‘पेपर अवघड होता’ म्हणणारा मुलगा पुन्हा अभ्यासाला बसतो. ‘मला डोकंच नाही’ म्हणणारा बसत नाही. असहायता अनुभवातून शिकली जाते, या मूळ सिद्धान्तात सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये ही भर घातली.

मला सर्वांत मोलाची वाटते ती २०१६ सालची दुरुस्ती. मेंदूवरच्या संशोधनाच्या आधारे मायर आणि सेलिगमन यांनी स्वतःचाच सिद्धान्त उलटा फिरवला. लांबलेल्या त्रासात गळून जाणं ही मूळचीच प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. शिकावं लागतं ते ‘हे माझ्या हातात आहे’ हे. ते उमगलं की मेंदूचा पुढचा भाग त्या प्रतिक्रियेला आवर घालतो. नाव मात्र जुनंच राहिलं.

उपायही त्या सुरुवातीच्या प्रयोगांतच होता. आधी झटका थांबवता आलेले कुत्रे पुढे खचले नाहीत. खचलेल्यांना पट्ट्याला धरून पुन्हा पुन्हा पलीकडे नेलं, तेव्हा ते आपणहून उडी मारू लागले. म्हणून त्या मुलांना ‘प्रयत्न कर’ असं नुसतं बजावू नका. त्यांना स्वतःला सुटेल असं गणित आधी द्या, अवघड नंतर.