हात मिळवा, मिटवून टाका!

आईबाबांनो, आज एक जुनी चूक सांगते. माझीच आहे.

सहावीचा वर्ग माझ्याकडे होता. मधल्या सुट्टीत एका मुलाचा डबा रोज पळवला जायचा आणि रिकामा होऊन दप्तरात परत यायचा. अंगाने किरकोळ, म्हणून त्याला 'काडी' म्हणत. त्याची आई भेटायला आली तेव्हा मी त्याला आणि डबा पळवणाऱ्याला स्टाफरूममध्ये बोलावलं. समोरासमोर उभं केलं, एकाला रागावले, सॉरी म्हणायला लावलं, हात मिळवायला लावले. पाच मिनिटांत प्रकरण मिटलं आणि मी वह्या तपासायला मोकळी झाले. डबा पळवणं खरोखरच थांबलं. कारण त्या दिवसापासून त्याने डबाच आणला नाही. हे मला परीक्षा संपता संपता कळलं.

आपल्या बहुतेक शाळा आजही हेच करतात. वाईट हेतूने नाही. साठ मुलांच्या वर्गात बाईंना तेवढीच सवड असते. पण आम्ही भांडण आणि छळ यांत गल्लत करतो. भांडणात दोघंही तोडीस तोड असतात, आज अबोला, उद्या पुन्हा एका सायकलवर. छळात एकाचं पारडं कायम जड असतं आणि ते रोज चालतं. ज्याला रोज टपल्या बसतात, त्याने टपली मारणाऱ्याच्याच हातात हात द्यायचा, तोही आमच्या देखत! 'तक्रार केलीस तर हे असं होतं', एवढाच धडा तो घेऊन जातो.

'आम्हीही चिडवून घेतलं, काही बिघडलं नाही,' असं बाबालोक हमखास म्हणतात. ब्रिटनमध्ये 1958 सालच्या एकाच आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा आयुष्यभर मागोवा घेतला गेला. त्यांतल्या साडेसात हजारांहून अधिक जणांची माहिती लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी 2014 मध्ये मांडली. सातव्या आणि अकराव्या वर्षी ज्यांना वारंवार त्रास झाला होता, त्यांच्यात पन्नाशीतही नैराश्य आणि चिंतेचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त होतं. चाळीस वर्षांनी!

मला मात्र सगळ्यात अस्वस्थ केलं ते टोरांटोच्या एका अभ्यासाने. तिथल्या शाळांच्या मैदानांवर मुलांचं चित्रीकरण करून पाहिलं, तर छळाच्या दहापैकी जवळजवळ नऊ प्रसंगांत इतर मुलं आजूबाजूला होती. मध्ये पडली ती साधारण पाचातल्या एका प्रसंगात. पण कुणी मध्ये पडलं, की निम्म्याहून जास्त वेळा छळ दहा सेकंदांत थांबला. आमच्या सहावीतही डबा पळवणारा एकच होता. हसणारे चाळीस. त्यांच्यातल्या एकालाही मी काही विचारलं नव्हतं.

फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठाच्या क्रिस्टिना साल्मिवाली यांनी नेमका हाच धागा धरला. 'कीवा' हा त्यांचा कार्यक्रम 2009 पासून देशभरच्या शाळांत गेला. त्यात पीडित मुलाशी आधी एकट्याने बोलतात, त्रास देणाऱ्यांशी वेगळं बोलतात. वर्गातली दोन-चार वजनदार, मनाने बरी मुलं निवडून 'याच्यासोबत राहा' असं त्यांना सांगतात. ठरलेल्या दिवशी पुन्हा बोलावून काय बदललं ते पाहतात. यात कुठलंही महागडं यंत्र लागत नाही. आपल्याकडे तक्रारपेट्या लागल्या, त्या चांगल्याच. पण पेटी मुख्याध्यापकांच्या दाराशी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत टांगली, तर चिठ्ठी टाकणार कोण?

तेव्हा शाळेत जाल ते तावातावाने नको. आणि गेटवर गाठून त्रास देणाऱ्या मुलाला दम तर मुळीच देऊ नका, त्याचा सूड शाळेच्या व्हॅनमध्ये निघतो. कधी, कुठे, कोणासमोर हे तारखांसह लिहून न्या. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तुमच्या मुलाच्या फोटोचं स्टिकर फिरत असेल, तर त्याचा स्क्रीनशॉटही ठेवा. 'दोघांना समोरासमोर बसवू नका' असं स्पष्ट सांगा. मधल्या सुट्टीत जिथे त्रास होतो तिथे कोण थांबेल, ते विचारा. आठ दिवसांनी परत जा. कोणी दादच देत नसेल, तर 1098 हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे.

घरी मात्र मुलाला 'तूही एक ठेवून दे' म्हणू नका. ठेवून देता आली असती तर त्याने तुमची वाट पाहिली नसती. 'तूच काहीतरी केलं असशील' हे तर त्याहून वाईट. आणि शाळेचा फोन 'तुमचा मुलगा त्रास देतो' असा आला, तर 'आमचा तसा नाहीच' हे वाक्य तेवढं गिळा. आधी ऐकून घ्या.

'तुला कोणी त्रास देतं का?' या प्रश्नाला मुलं 'नाही' म्हणून मोकळी होतात. मी आता मुलांना दुसरंच विचारते: मधल्या सुट्टीत एकटं कोण बसतं? नाव लगेच येतं. अगदी पहिलीतलं पोरही सांगतं.

त्या वर्षी मी हे विचारलं असतं, तर चाळीस जणांनी एकच नाव घेतलं असतं.